बारशाआधी

पहिल्यांदा मी उभ्यानंच विचारलं होतं.
सिझेरियनला चार तासही झाले नव्हते,
हातात अकरा पानं, पेनाचं टोपण काढलेलं,
आणि ती बाई एवढंच म्हणाली : सही कुठं करू?
फायलीत आहे अजून ती सही.
शेवटची अक्षरं घसरत रेघेखाली गेलेली.

आता मी खुर्ची ओढून घेते.
ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
काचेच्या पेटीतला निळा उजेड
यूसोच्या दाढीवर.
वेन्ला दूध काढतेय, थेंब मोजतेय.
फॉर्म माझ्या पिशवीतच.

तसंही, नावाच्या रकान्यात लिहू काय?
इथं बारशापर्यंत नाव कुणाला सांगत नाहीत.
"हाक काय मारता?"
"मुस्तिक्का," यूसो म्हणतो.
इथल्या रानातलं जांभळट बोर,
बोटं डागवणारं.
हा नऊशे ग्रॅमचा.

मग सांगते :
या औषधानं गुण येईल का, मलाही ठाऊक नाही,
म्हणून तर विचारतेय.
कुणाला द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं.
नाही म्हणालात तरी
रात्रीची नर्स तीच, दूध तेच,
आणि मीही हीच.
उद्या येते.

उद्या गेले.
"नाही," वेन्ला म्हणाली,
माझ्याकडे बघत, आवाज न उतरवता.
मी खूण केली, पान मिटलं, उठले.

तर तीच म्हणाली, अगं थांब,
आज यानं नाकातली नळी ओढून काढली,
दोनदा!
बघून तरी जा.