आमची टीम

कोटेशनवर मी लिहिलं होतं: बारा जण.
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर, जिना चढून डावीकडे
दोन टेबलं, एक कूलर,
आणि मिरजेहून सव्वानऊच्या एसटीनं येणारी रुखसार मुजावर.
बारापर्यंत मोजत गेलात
तर कूलरही धरावा लागेल.

ईमेलचे पत्ते मात्र पाच होते.
क्रिएटिव्हला लिहिलं की माझा फोन वाजायचा,
अकाउंट्सला लिहिलं की माझाच,
आणि मीडिया विभागानं एकदा
क्रिएटिव्ह विभागाच्या वतीनं उशिराबद्दल क्षमा मागितली होती,
रात्री दीड वाजता, गादीवर पडून.

खोटं कुठं आहे, मी म्हणायचो.
'आम्ही' हा शब्दच मुळात ऐसपैस,
एकटा माणूसही त्यात पाय पसरून बसतो.

ट्रॅक्टरच्या शोरूमवाले ऑफिस बघायला आले
तेव्हा शेजारच्या क्लासमधून सात पोरं आणली, खुर्च्यांसकट.
बजावलं, गंभीर दिसा.
साहेबांनी एकाला विचारलं, तुमच्याकडं काय असतं?
तो म्हणाला, फिजिक्स.
साहेबांना तो विनोद वाटला. काम मिळालं.
रुखसार हसली नाही.

मग फेब्रुवारी, हळदीचा हंगाम,
भूपालअण्णा मगदुमांची पाकिटं:
पाव किलो, अर्धा, एक,
आणि लग्नाच्या आहेरातलं चिमूटभर.
रुखसारला ताप. एकशे तीन.
अण्णांचा फोन: कुठवर आलं?
मी म्हणालो, टीम लागलीय कामाला.
टीम मिरजेत दोन पांघरुणं घेऊन पडली होती.
तिनं तिथूनच एक पाकीट करून पाठवलं,
पिवळा जरा हिरवट झालेला,
आणि खाली एक ओळ:
बाकीचे अकरा आज काय करतायत?

उत्तर लिहायला घेतलं, खोडलं.
स्कूटर काढली.

मार्केट यार्डात सौदा चालू होता.
अण्णा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
तळचं हळकुंड वर काढत होते,
वरच्याकडं बघतही नव्हते.
मी म्हणालो, अण्णा, आम्ही दोघंच आहोत.
एक आजारी आहे, आणि दुसऱ्याला चित्र काढता येत नाही.

अण्णांनी हळकुंड कटकन मोडलं. आतला रंग पाहिला.
"हरिपुरात आमचं पेव होतं," ते म्हणाले.
"तोंड सगळ्या पेवांचं सारखंच, माणूस उतरंल एवढं.
आत किती पोती, वरनं कळत न्हाई.
माणूस उतरवायच्या आधी कंदील सोडायचा.
इझला तर थांबायचं."
पुढं काही सांगतील म्हणून उभा राहिलो.
ते दुसऱ्या पोत्याकडं वळले होते.
मग पाठ माझ्याकडं ठेवूनच:
"आन् दर बाराचा कशापायी लावला?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं,
चांगलं होतं, शहाण्यासारखं होतं.
दिलं नाही.

होर्डिंगं पुण्याच्या एजन्सीला गेली. केबलची जाहिरातही.
पाकिटं राहिली, दर उतरला,
मुदत पाडव्यापर्यंत वाढली.
निघताना अण्णांनी कागदात बांधून हळद दिली,
त्या पोरीला दुधातनं द्या म्हणाले.
पुडी खिशात फुटली.

चार पत्ते बंद केले त्या रात्री.
प्रत्येक विभाग विचारत होता, नक्की?

आता नवं कोटेशन. जयसिंगपूरची बेकरी.
कामाला माणसं: दोन.
रुखसार अजून खोकत होती.
तिनं पेन घेतलं, दोनवर काट मारली,
वर लिहिलं: दीड.
म्हणाली, तुम्ही दुपारी झोपता.

तसंच पाठवलं.
बेकरीचं उत्तर अजून आलेलं नाही.