दर दोन सेकंदांनी

जिन्याखाली, जिथे माझी सायकल उभी असायची,
तिथे आता बॅटरी बसलीय. पांढरी, गप्प,
तोंडावर एकच हिरवा ठिपका.
मुलाने हुबळीहून पाठवली.
तिचं बोलणं घराला समजेल असं करायचं काम
माझ्याकडे आलं, कारण मी रिकामा,
आणि छत्तीस वर्षं उद्यमबागेत
मशीनचं ऐकण्याचाच पगार घेतलेला.

दोन तारा. एक ए, एक बी.
तीन दिवस काहीच नाही.
विचारायचं, थांबायचं. उत्तर नाही.
चौथ्या दिवशी ईरण्णा आला,
शेजारच्या शिवलीलाबाईंचा धाकटा.
तारांची अदलाबदल केली आणि म्हणाला,
"ईग केळ्रि, काका."
कानडीत केळ म्हणजे ऐक, आणि केळ म्हणजेच विचार.
अनगोळात जन्म गेला माझा,
आणि हे त्या दिवशी ध्यानात आलं.

संध्याकाळी हेस्कॉमने लाइट काढली
आणि पडद्यावर आकडा आला, साडेसहा हजार अँपिअर.
मला हसू आलं. एवढ्यात
आमच्या फौंड्रीतली भट्टी उतू गेली असती,
इथे चालू होता एक पंखा, दोन बल्ब, माझा टीव्ही.
ईरण्णाने वहीत वजाबाकी मांडली,
पासष्ट हजार पाचशे छत्तीसमधून
पासष्ट हजार पाचशे बारा.
चोवीस. टिंब एक घर डावीकडे. दोन पूर्णांक चार.
"मायनस अद री. घेताना अधिक, देताना उणे."
आम्ही घराला उणं वाचायला शिकवलंच नव्हतं.
ज्याला उणं वाचता येत नाही
त्याला देणारा भलताच श्रीमंत दिसतो.

मग नादच लागला. दर दोन सेकंदांनी विचारायचं.
फ्रीज ओळखू येऊ लागला, सपाट, पठारासारखा.
पाण्याची मोटर म्हणजे सरळ कडा.
आणि गुरुवारी रात्री दीड वाजता, लाइट नसताना,
हे दात.
आठ सेकंद वर, चार खाली,
मग बारा, मग दोनच,
मग बराच वेळ काही नाही.
दोरा तुटला असेल, हे मागाहून सुचलं.
करवतीचे दात एकसारखे असतात.
हे कुणाच्या तरी पावलाखालचे होते.

जिना चढलो नाही.
हिच्या मागे राहिलेल्या शिलाई मशीनला
सुवर्णाने दिवाळीत मोटर बसवून घेतली होती,
साडीच्या फॉलपुरती, म्हणाली होती.
रोज रात्री दात. साडेतीनपर्यंत.
कुणाचं शिवते, पैसे कशाला जमवते,
हे आकड्यांत नव्हतं.
सुनेने सांगितलं नव्हतं, म्हणजे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी बॅटरी वीस टक्क्यांवर आली
आणि सगळं बंद.
एक दात अर्धाच राहिला.
सकाळी चहात साखर दोनदा पडली होती. प्यालो.
त्याच दुपारी नियम लिहिला,
रात्री साडेनऊनंतर टीव्हीचा प्लग बंद.
"मामा, मालिका अर्धी सोडली?"
"डोळं दुखत्यात गं."

पण आलेख मुलाच्या मोबाइलवरही जातो.
रविवारी म्हणाला,
"बाबा, रात्री दीडला काय चालतंय घरात? काटे काटे दिसतात."
"फ्रीज म्हातारा झाला," म्हटलं.

फोन ठेवला. चष्मा शोधला.
ज्या ओळीत दोन लिहिलं होतं
तिथे तीनशे लिहिलं.
पाच मिनिटांनी एकदा, तेही सरासरी.
मागचे दिवस पुसून टाकले.
दात बुजले. उरला एक उतार,
राजहंसगड लांबून दिसतो तसा,
त्यावर कोण चढतंय ते न सांगणारा.
केळमधलं विचारणं मी काढून घेतलं.
रात्री जाग आली तर वरून बारीक घरघर येते,
तेवढी पुरते.

परवा ईरण्णाने पाहिलं.
"इतकं सावकाश का वाचता, काका?"

वय झालं, म्हटलं.