काळी आधी

खिडकीच्या काचेवर ओरेस्ट अंगठीने टकटक करतो.
खुब्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झालेत,
अंगणात उतरायची मनाई आहे, टकटकीला नाही.
काचेआड त्याचे ओठ हलतात : काळी आधी.
माहीत आहे रे बाबा. काळी आधी, मग तांबडी,
वसंतात उलट.
एकतीस वर्षं टॉर्च धरून उभी होते शेजारी.
टॉर्च धरणाऱ्यालाही दिसतं.

अर्ध्या इंचाचा पाना. नट गंजलेला.
कॅम्परच्या नाकाशी, गॅसच्या टाक्यांमागे
जागा एवढीच की एक तर पाना मावतो
नाहीतर मनगट.
सॅस्कॅचवानमध्ये ऑक्टोबर सरताना
लोखंड बोटांना चावतं.
सुटली. काळ्या तारेचं तोंड
त्याच्या एका लोकरी मोज्यात कोंबलं.
जोडीतला दुसरा जुलैत
मॅनिटोबातल्या एका तळ्याकाठी राहिला.

आत, सिंकखालचा हिरवा ठिपका विझला.
गॅसचा वास हुंगायला बसवलेलं यंत्र ते.
गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, शेगडी बंद,
माणूस नाही आणि हे आपलं जागं,
घोट घोट बॅटरी पीत.
माझ्याही आत असलं काहीतरी जागत असतं रात्री.
त्याची तार कुठून जाते ते सापडत नाही.

पन्नास पौंडांचं ओझं पोटाशी धरून,
तिरकं होऊ न देता, तळघराच्या तेरा पायऱ्या.
सिमेंटवर ठेवू नये, फरशी वीज पिते,
हे ओरेस्टच्या वडिलांच्या काळचं.
आता खोकं प्लास्टिकचं, फरशी काही पीत नाही,
त्यालाही ठाऊक आहे.
तरी मी फळी घातली, बिटाच्या बरण्यांशेजारी.
झाकणं काढून पट्ट्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड पाणी,
मग चार्जर, रात्रभर.

रिकामी गोठते. भरलेली गोठत नाही.
त्याची आई गेली त्या हिवाळ्यात
तो ती काढायचीच विसरला होता.
मार्चमध्ये पाहिलं तर खोकं पोटातून उललेलं,
आत बर्फ.
तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला.
नवी आणली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

फेब्रुवारी. उणे अडतीस.
कॅम्पर म्हणजे अंगणातला पांढरा उंचवटा.
महिन्यातून एकदा मी मीटर घेऊन खाली उतरते
आणि जिन्याच्या तोंडाशी वॉकर येऊन थांबतो.
'किती?'
'बारा पूर्णांक सहा.'
नोव्हेंबरात सहा, डिसेंबरात सहा, जानेवारीत सहा.
आमचं तेवढंच बोलणं काही दिवस
सगळ्या दिवसभराचं असतं.

आज काटा चारवर.
'किती?'
'सहा,' मी म्हटलं,
आणि आवाज न करता चार्जरची पिन खोचली.

वर शांतता. वॉकर हलला नाही.
'गुणगुणतोय तो,' ओरेस्ट म्हणाला.
'खुबा गेलाय माझा, स्टेफा. कान नाही.'