एकोणीस आटे

आवाज पहिल्यांदा इंदुबाई फेगड्यांनी ऐकला,
म्हणजे ऐकला नाही, तळव्याला लागला.
व्हॅनमध्ये डाव्या सीटच्या बरोबर खाली चाक असतं,
आणि आठवड्यातून दोनदा, फैजपूर ते जळगाव,
त्या तिथंच बसतात, डायलिसिसची फाइल मांडीवर.
आमोद्याच्या अलीकडे म्हणाल्या,
“भाऊ, खालून कोणी दार ठोकून राह्यलं.”

मी म्हटलं, जॅक असेल, पाना सुटला असेल मागं.
पुढचे पंधरा दिवस तेच म्हणत राहिलो.
खड्ड्यात नाही, खड्ड्यात सगळंच बोलतं,
पण साध्या रस्त्यावर, डांबराच्या ठिगळावर,
टक्.
आणि स्टेअरिंग सरळ धरलं तरी
गाडी केळीच्या बागांकडं हळूच ओढ घेई,
म्हैस गोठ्याकडं घेते तशी.

लुकमान तडवीचं गॅरेज सावद्याच्या रस्त्याला,
निंबाखाली, पत्रा अर्धाच.
त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही,
डाव्यानं तो गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

चाक उचललं. घोडी लावली.
घड्याळाच्या नवावर-तीनवर धरून हलवलं: थोडं.
बारावर-सहावर धरून हलवलं,
चाक दुधाच्या दातासारखं हललं.
मला म्हणाला, आता तू हलव.
स्वतः खाली सरकला, जॉइंटवर तळहात ठेवला,
डोळे मिटले,
लेकराचा ताप बघतात तसे.
मग माझा हात ओढून तिथं ठेवला.
बोटभर रबराची टोपी फाटलेली,
आत ग्रीस नव्हतंच, रेती होती, गंज होता,
आणि वाटीत गोळा खुळखुळत होता
नुसता सवयीनं.

“किती दिवस चालंल?”
“चालंल. मग एका दिवशी नाही चालणार.
चाक तिकडं, गाडी इकडं. वर कोण बसतं?”
मी नाव सांगितलं.
त्यानं भाव सांगितलाच नाही, पाना मागितला.

नटावर रॉकेल सोडलं, चहा झाला, पुन्हा सोडलं.
टाय रॉडची खुंटी निघेना.
लुकमान खुंटीवर मारत नाही.
दोन हातोड्या, समोरासमोर, ती जिथं रुतलीय त्या लोखंडावर, एकाच वेळी.
तिसऱ्या ठोक्याला ती आपसूक खाली पडली,
जसं एखाद्यानं रुसणं सोडावं.

जुना जॉइंट फिरवून काढताना आटे मोजायचे,
हे काम माझं. मोठ्यानं, त्याच्या डाव्या कानाशी.
सात, आठ. केळीचा ट्रक गेला हॉर्न देत.
नऊ की दहा?
“परत,” तो म्हणाला. लॉकनटापर्यंत सगळं आत,
पुन्हा एकपासून.
एकोणीस. टायरवर खडूनं लिहिलं.
नवाही तितकाच आत जायचा,
नाहीतर चाकं एकमेकांकडं तोंड फिरवतात
आणि घासतं बिचारं रबर.

खालचा आर्म अख्खाच बदलला.
उजवीकडचं पुढच्या महिन्यात, मी म्हटलं.
लुकमाननं तारीख भिंतीवर टाकली,
तिथं आधीच बरेच पुढचे महिने लिहिलेले होते.

इंदुबाईंना सांगितलं. गुडघ्यांची उपमा मी टाळली,
त्यांनीच काढली:
“त्याले म्हना, माझेबी उचलून बघ.”

गुरुवारी आमोद्याचं ठिगळ आलं, गेलं.
त्या दोन्ही पाय सपाट टेकून वाट बघत होत्या.
“काहीच नाही?”
“काहीच नाही.”
थोड्या वेळानं, जराशा नाराजीनं,
“मी त्याच्यावर मोजत होती ना.
सातवा ठोका म्हंजे तापीचा पूल.”

पूल आला तेव्हा त्यांना झोप लागली होती.
फाइल घसरत होती, मी एका हातानं धरली,
दुसरा स्टेअरिंगवरून क्षणभर सैल केला.
गाडी सरळ गेली.
आणि उजवीकडून, माझ्याच सीटखालून,
फार बारीक,
टक्.