मागे काय होतं

डिझेलच्या वहीला चार रकाने होते:
तारीख, किलोमीटर, लिटर, अॅव्हरेज.
धायरीच्या शेडमध्ये, जनरेटर भाड्याने द्यायला लागलो
त्या पहिल्या वर्षी बाबांनी फूटपट्टीने आखलेले.

दस्तगीर मुलाणी : चौदा पॉइंट दोन.
सुयोग कुदळे : नऊ पॉइंट सहा.
पिकअप तीच. पंपही तोच, वडगावचा.
बाबा म्हणाले, पोरगं डिझेल काढतंय.
मी म्हटलं, आधी बघते तरी.
आणि नळीचा वास घ्यायला म्हणून
त्याच्या शेजारी जाऊन बसले.

वास फक्त उदबत्तीचा होता.

सुयोग सिग्नलला नव्वद सेकंद
अर्ध्या क्लचवर गुरगुरत उभा राहतो.
आकडा तीनवर आला की सुटतो,
नवले पुलाच्या उतारावर
टँकरच्या पाठीला जाऊन चिकटतो
आणि ब्रेक.
पुन्हा सुटतो. पुन्हा ब्रेक.
जेवढं पेटवलं तेवढं पट्ट्यांत विझवलं.
"घाई कसली रे एवढी?"
"घाई नाही ओ ताई.
मोकळी जागा दिसली की पाय पडतो."
मी वहीत कडेला तसंच लिहिलं : पाय पडतो.
चोरी नाही.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरमामा.
पेडलवर त्यांचा पाय
नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडावा तसा.
लांबून लाल दिसला की ते गाडीला म्हणतात, राहू दे आता.
ती आपल्याच वजनावर वाहत जाते,
पोचेपर्यंत हिरवा.
मागून हॉर्नचा गजर.
मामा आरशात बघून :
"वाजव बाबा. तुझी बॅटरी."

मग सासवडचं लग्न आलं.
पंचवीस केव्हीएचा सेट, ट्रॉलीसकट, हुकाला.
मामांनी पिनेला टाचेने दोनदा ठोकलं,
साखळी ओढून पाहिली,
आणि कोंढव्यातून बोपदेव घाटाला लागलो.
तिथून बोलणं बंद.
वळणावर मागचं वजन आधी थबकायचं,
मग नाइलाजाने यायचं.
इंजिन गळ्यापर्यंत, वेगाचा काटा वीसवर.
स्कूटीवरच्या दोघी जणी
हसत हसत आम्हाला मागे टाकून गेल्या.
माथ्यावर गाडी बाजूला घेतली.
खाली अख्खं पुणं पसरलेलं,
मामा मात्र तापमानाचा काटा बघत बसले,
तो उतरेपर्यंत.

रात्री मांडवात फोटोग्राफर म्हणत होता,
अजून थोडा उजेड द्या.

परत येऊन टाकी भरली. भागाकार केला.
आठ पॉइंट चार.
मामांनी चष्मा पुसला. मला पुन्हा करायला लावला.
"आठ? माझा?"
अठरा वर्षांत या माणसाचा आवाज
इतका खाली आलेला मी ऐकला नव्हता.
सुयोग शेडच्या दारात होता. त्याला हसता आलं असतं.
म्हणाला, "मामा, मागे सेट होता ना."

तेव्हा मी मागची पानं उलटली,
बुकिंगची वही शेजारी ठेवून.
जेजुरी, भोर, वेल्हे,
रात्रीची, लांबची, ओढायची कामं
जवळजवळ सगळी सुयोगच्या नावावर.
मामांकडे लाइटच्या माळा, पंखे, वायरची भेंडोळी.
आम्हीच तसं लावलं होतं :
पोरगं तरुण आहे, ओढेल.
आणि ओढलं, तेव्हा नळी शोधली.

पायाचं किती, हुकाचं किती,
ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.
बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत,
फक्त फूटपट्टी कुठे आहे विचारलं.
ती सापडली नाही.
पाचवा रकाना मी हातानेच ओढला, वाकडा,
वर लिहिलं : मागे काय होतं.

सोमवारी सुयोगने स्वतः भरला.
अकरा पॉइंट तीन.
मागे काय होतं : काही नाही.
आणि त्याखाली, पेन्सिलने, बारीक अक्षरात :
पाय, थोडा.