डबा माझ्याकडे

रस्ता आतजोनीला संपतो. तिथून पुढे नदीच.
बाकीचे उतारू पैसे मोजून देतात, बाकांवर बसतात.
आम्ही पेलेकीच्या होडीत बिनपगारी,
सोबत त्याच्या बहिणीच्या छपराचे चोवीस पत्रे,
दोन पिंपं डिझेल, तांदूळ,
आणि ताडपत्रीत दोनदा गुंडाळलेलं शिलाई मशीन.

कामं कुणी वाटली नाहीत.
दहा वर्षांचे असताना जो जिथे बसायचा
तो तिथे जाऊन बसला.
इंजिनावर मेटिसेन. पारामारिबोत बँकेत असतो,
टाय काढून खिशात कोंबलाय, टोक बाहेर लोंबतंय.
मधे डोसिली, ओझ्याचा तोल सांभाळायला.
तूच एक ओझं, असं आम्ही म्हणतो.
ती म्हणते, मी हलले की कळेल.
नाळेवर पेलेकी, हातात लांब काठी, उभा.
डबा माझ्याकडे.
तेलाचा, पाच लिटरचा, वरून कापलेला.
पाणी आत येतं, मी बाहेर टाकतो;
एवढ्याच कामावर पन्नास वर्षं
या लोकांनी मला मित्र म्हणून ठेवून घेतलंय.

ऑक्टोबर. नदीची हाडं वर आलीत.
ज्या खडकांवरून लहानपणी उड्या मारल्या
ते आता होडीचा तळ चाचपतात, ओळख पटते का बघतात.
खडकांना नावं आहेत. ती मोठ्याने घ्यायची नसतात.
मेटिसेन एकदा शिवी द्यायला गेला
आणि अर्ध्यातच गिळली त्याने,
बँकेत असला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वळणापलीकडे,
काठावर लख्ख काहीतरी पेटलं.
बायका भांडी घासत होत्या. अॅल्युमिनियमची,
उन्हाला डोळा मारणारी,
आमच्याकडे गाव असंच लांबून कळतं.
डोसिलीने हात वर केला. मेटिसेननेही.
पेलेकी म्हणाला,
गाव अजून लांब आहे.

कुणीच काही बोललं नाही.
हात खाली आले.
मी डब्यातलं पाणी जरा जास्तच जोरात फेकलं.

मग सुला आली, मोठी,
जिथे नदी सात तोंडांनी एकदम बोलते
आणि त्यातलं एकच खरं असतं.
खालच्या डोहात मेटिसेनने इंजिन बंद केलं.
फिल्टरमध्ये कचरा आलाय, म्हणाला,
आणि फिल्टरला हातही न लावता
पाठमोरा बसून राहिला.
डोसिली श्वास धरून. पत्रेसुद्धा वाजेनात.
पेलेकीने मान कलती केली,
आजारी पोराच्या छातीला कान लावावा तशी.
तेवढ्यात माझा डबा तळावर खरवडला,
आणि केवढा आवाज तो.
मी थांबलो.

पाणी आलं. बोटं बुडाली, मग टाचा, मग घोटे.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
मी माझं काम करत नव्हतो.

डावीकडे, पेलेकी म्हणाला. दोन काठ्या डावीकडे,
मग सरळ, मग मी ओरडेन तेव्हा उजवीकडे.
मेटिसेनने दोरी ओढली.
पुढचं नीट आठवत नाही.
फेस, एक काळी पाठ हातभर अंतरावरून सरकलेली,
काठी कमानीसारखी वाकली आणि मोडली नाही,
आणि डोसिली हलली. कळलं.

वरच्या डोहात पाणी असं निजलेलं
की खाली काही घडलंच नव्हतं.
रात्री वाळूवर, कासावा भाजताना,
पेलेकीने मला विचारलं, डबा का थांबला होता?
हात दुखत होता.
पाणी कुठवर आलेलं?
घोट्यापर्यंत.
तो विस्तवाकडे तोंड करून हसला.
मला वाटलं होतं, गुडघ्यापर्यंत धीर धरशील.

उद्या अजून दोन सुला आहेत, त्यातली एक बरी.
मेटिसेन झोपलाय, टाय अजून खिशात.
होडीपाशी डोसिली पत्रे मोजतेय.
तेवीस, म्हणाली.
परत मोजतेय.