काठावरच्या माणसाचं कर्तव्य

निकुंभ मॅडम पहिल्या तासाला हजेरी घेत नसत.
खडूने फळ्यावर एक आडवी रेघ ओढत,
म्हणत, ही गंगा.
नाशकात गोदावरी फक्त नकाशात असते.
रेघेखाली एक टिंब : हा बुडतोय.
रेघेवर दुसरं : हे तुम्ही.
तुमच्या हातात भेळेचा कागद. बुडणारा तुमचा कोणी नाही.
बोला, कायदा तुम्हाला काय म्हणतो?

आम्ही सगळे उडी मारायला तयार.
मागच्या बाकावरचे दोघे तर शर्टाची बटणंही काढायला लागलेले.
मॅडम थांबत, मग सांगत :
आपला कायदा म्हणतो, भेळ खा.
लंडनचा म्हणतो, सावकाश खा.
पॅरिसचा तुरुंगात टाकतो.
हाम्बुर्गचा आधी विचारतो, तुम्हाला जमण्यासारखं होतं का,
आणि मग टाकतो.
वर्ग हसायचा. त्या हसत नसत.
एकाच पाण्याला इतके काठ कसे,
एवढंच त्यांनी चौतीस वर्षं विचारलं.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मुद्रांक छापायचे.
रोज संध्याकाळी फाटकावर झडती देऊन
रिकाम्या हातांनी घरी.
कोरा कागद जपायचा असतो,
लिहिलेला कोणीही जपतं,
हे त्यांचं वाक्य मॅडमच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे,
जर्मनमध्ये.
त्यांना ते वाचता आलं नाही.

हाम्बुर्गला दोन वर्षं. येताना आणली
अठरा किलो झेरॉक्स, एक लोकरी टोपी
आणि ‘तरीपण’ या शब्दाचे सात प्रकार.
इथे विषय ऐच्छिक, शनिवारी, शेवटचा तास.
आम्ही अकरा जण. पुढच्या वर्षी सहा.
एका वर्षी एकटी तबस्सुम आत्तार,
तर तिच्या एकटीसाठीही फळ्यावर गंगा आली.

प्राध्यापकपदाची मुलाखत तीनदा झाली.
तीनदा विचारलं गेलं, याचा इथे उपयोग काय?
तिसऱ्यांदा म्हणाल्या म्हणे,
दुतोंड्या मारुतीचा काय उपयोग?
एक तोंड इकडे, एक तिकडे,
आणि पूर किती चढला
ते अख्खं गाव त्याच्याच अंगावर मोजतं.
पद मिळालं नाही.

मी एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं,
मॅडम, तुम्हाला पोहता येतं?
त्या पायरीवर थांबल्या.
नाही. पण ओरडता येतं.
फ्रान्समध्ये तेवढं चालतं.

मी आता जिल्हा न्यायालयात.
चेक बाउन्स, भाडेकरू, भावाभावांच्या वाटण्या.
एकदाच युक्तिवादात पॅरिस आणलं,
साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.
मॅडमचा तो लेख मात्र अजून टेबलाच्या खणात आहे,
एकेचाळीसाव्या तळटीपेत त्यांनी स्वतः पेनाने केलेल्या दुरुस्तीसकट.

गेल्या मार्चमध्ये मुलाला सोडायला
त्र्यंबक रोडच्या तरण तलावावर गेलो. सकाळी सहाची बॅच.
नवशिक्यांच्या कोपऱ्यात, चार फूट पाण्यात,
शाळकरी पोरांच्या गराड्यात एक निळी टोपी.
मॅडम.
निवृत्तीला तीन वर्षं झालेली, वय त्रेसष्ट.
शिकवणारा पोरगा ओरडत होता, आजी, काठ सोडा!
त्या बोट वर करून त्याला काहीतरी सांगत होत्या,
बहुतेक अपवाद.

मी हाक मारली नाही.
कठड्याला टेकून उभा राहिलो, हातात मुलाचा टॉवेल.
त्यांनी एक हात सोडला.
बऱ्याच वेळाने दुसरा.
टोपी खाली गेली.
वर आली. खोकल्या, पुन्हा काठ धरला,
आणि पोराला म्हणाल्या, परत.

चार फूटच पाणी होतं.
माझ्या चपला पायात नव्हत्या.
कधी काढल्या ते आठवत नाही.